रुचिताच्या नावापुढच्या तीन फुल्या

मी एक जुना हजेरीपट आहे. लाखांदूरजवळच्या एका शाळेच्या कपाटात, मोडक्या पृथ्वीगोलाखाली पडून आहे. वाळवी माझा पुठ्ठा खाते आहे. खाऊ द्या. पण मित्रांनो, मी एकदा खोटं बोललो आहे आणि ते कबूल केल्याशिवाय मला माती व्हायचं नाही.

छापखान्यातून आलो तेव्हा मी देखणा होतो. पाठीला लाल कापड, आत निळ्या रेघा. सातवीच्या बत्तीस मुलांची नावं माझ्यात चढली. प्रत्येक नावाशेजारी एक अरुंद खाना होता, जातीचा. कामाला लागतो म्हणे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रोज सकाळी नाव पुकारलं जाई, पोरं 'हजर सर' म्हणत आणि माझ्या अंगावर निळी रेघ उमटे. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, "पट स्वच्छ आहे." मी केवढा फुगलो होतो.

वर्गशिक्षक चंद्रकुमार सर गणित शिकवत. एका चाचणीत रुचिताला वीसपैकी वीस मिळाले. सरांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी मला उघडलं, तिच्या नावावरून बोट सरकवत त्या अरुंद खान्यावर आणलं आणि हसले.

"कोनाच्या पेपरात पाह्यलं वं?"

"कोनाच्याच नाई, सर."

"तुमच्या लोकायले भाषनं जमतेत. गनित तुमचं काम नोहे."

वर्ग खिदळला. सरांना तो खाना दाखवला कोणी? मीच.

रुचिता खाली बसली नाही. "सर, फळ्यावर पायजे ते गनित द्या. नाई सुटलं तं मले म्हना. माह्या लोकायले काहून म्हनता?"

सरांचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचं नाव पुकारलंच नाही. ती स्वतःहून 'हजर' म्हणाली. "उलटं बोलनारी पोरगी माह्या वर्गात हजर नसते," असं म्हणून सरांनी माझ्यावर लाल फुली मारली. तिसऱ्या बाकावर ती जिवंत बसली होती आणि मी सांगत होतो की ती नाही. त्यानंतर आणखी एक फुली. मग आणखी एक. तालुक्याला गणिताची स्पर्धा होती. रुचिताचा जीव तिच्यात अडकला होता. गैरहजर राहणाऱ्यांना पाठवत नाही, असं सांगून सरांनी तिच्याविना यादी धाडली. पुरावा म्हणून मला पुढं केलं.

हे उघडं पाडलं ते खिचडी शिजवणाऱ्या विमलाबाईंनी. जेवणाऱ्यांचा आकडा त्या माझ्यावरूनच घेत. तिसऱ्या दुपारी हातातल्या डावासकट त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

"मोठे सर, पटावर एकतीस अन् ताटं बत्तीस जाऊन राहिले. तीन दिस झाले."

"घेत असेल कोणी दोनदा."

"कोनी दोनदा नाई घेत. रुचिता जेवते. मले दिसते, तं तुमच्या पटाले काहून दिसत नाई?"

मला तेव्हाच फाटून जावंसं वाटलं.

मुख्याध्यापक मला घेऊन वर्गात आले. "रुचिता तीन दिवस वर्गात होती का?" त्यांनी विचारलं. एकतीस तोंडं बंद. चंद्रकुमार सर खिडकीबाहेर बघत होते.

"मी होती म्हटलं तं कोन आयकते?" रुचिता म्हणाली. "यायले विचारा."

शेवटी गोलू उठला. "होती, सर. माह्या समोरच बसली होती. मी भेलो म्हनून बोललो नाई." मग गुंजन उठली. मग एकेक करत सगळा वर्ग.

मुख्याध्यापकांनी सरांकडून फुल्या खोडून त्यांवर निळ्या रेघा ओढून घेतल्या, बाजूला सही घेतली. पण यादी गेलेली होती. स्पर्धेच्या दिवशी एस.टी. दुसऱ्या दोघांना घेऊन गेली. रुचिता वर्गातच होती. नाव पुकारल्यावर ती 'हजर' म्हणाली ते इतक्या मोठ्यानं, की मी टेबलावर दचकलो.

शाई सरांची होती, हात सरांचा होता. तरी मी सुटत नाही. निळ्या रेघांखालून त्या तीन लाल फुल्या आजही दिसतात.

मित्रांनो, मला जपू नका. हजेरी सुरू असताना एवढंच ऐका, शेजारच्याचं नाव पुकारलं गेलं का. नसेल, तर स्वतःचं 'हजर' गिळून ठेवा आणि आधी उठून त्याचं सांगा. पहिल्याच दिवशी सांगा. तिसऱ्या दिवशी यादी गेलेली असते.