आत्याची ऊब

आत्याच्या अंगात उत्साह नुसता उतू जात होता. भाऊ आपलं बाळ बघायला यायचा म्हणून सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरेना. वेळेआधी जन्मलेलं, ओंजळीत मावेल एवढं ते पोर तिला पारोसं दिसायला लागलं. बाळंतीण ऑपरेशननंतर तापाने फणफणलेली, तिला कुठली शुद्ध! आत्याने बाळाला वॉर्डातल्या बेसिनपाशी नेऊन मनसोक्त आंघोळ घातली, पावडर लावली आणि कौतुक करून घ्यायला सिस्टरला हाक मारली.

सिस्टरने धावत येऊन बाळ तिच्याकडून ओढून घेतलं. एवढ्याशा जिवाला आंघोळ घालायची नसते, कोरडं पुसून टोपी-मोजे घालून ठेवायचं, हे तिने बजावलं होतं. पण बजावलं कुणाला, तर तापात बरळणाऱ्या बाळंतिणीला! आत्याला दोन शब्द सांगितले असते तर जीभ झिजली असती का, म्हणून तिने स्वतःलाच शिव्या घातल्या.

बाळाचे पाय बर्फासारखे. रडणंही बंद. बाळांना ऊब देणारे वॉर्मर दोनच, दोन्ही भरलेले. डॉक्टरांनी नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आणि सिस्टरला बाजूला घेऊन, फार आशा धरू नका, म्हणाले.

मग उरला एकच उपाय, अंगाला अंग. सिस्टरने आत्याला खुर्चीत रेलून बसवलं, बाळाला तिच्या उघड्या छातीवर उभं धरलं, मान कलती, नाक मोकळं, आणि वरून चादर घट्ट बांधली. आपलं काय चुकलं ते आत्याला तेव्हा कळलं.

एरवी दोन मिनिटं गप्प बसेल तर शपथ! आता बाई हलेना, बोलेना, पाण्यालाही नको म्हणाली. भाऊ आला, तर वारा लागेल म्हणून त्याला दारातच थांबवलं. सिस्टर येता-जाता चादरीत बोटं घालून श्वास बघायची. आधी भराभर होता, मग थांबत थांबत यायला लागला.

दुपार कलली तशी आत्याने खूण करून सिस्टरला बोलावलं. तिचा चेहरा फुलला होता.

"हात लावून बघा सिस्टर. पायसुद्धा गरम झालेत."

पाय खरंच कोमट होते. सिस्टरने स्टेथोस्कोप लावला, जागा बदलून पुन्हा लावला. आत काहीच वाजत नव्हतं. ती ऊब सगळी आत्याचीच होती.

सिस्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. "आत्या, बाळ गेलं हो."

"असं काय बोलता? गरम आहे की," आत्या म्हणाली, आणि तिने चादर आणखी वर ओढून घेतली.