जिजाची जागा

कुणाच्या घरी माता आली की आम्हाला बोलावणं यायचं. माता म्हणजे देवीचा रोग, पण रोग म्हणायची सोय नव्हती. घरात फोडणी बंद, दाराला लिंबाचा डहाळा आणि अंगणात आम्ही दोघं: डफ घेतलेला पुनाजीभाऊ आणि तुणतुणं घेऊन मागं झील धरणारा मी, लहानू. आम्ही अंगणातच उभे राहायचो, आवाज तेवढा आत जायचा. आवाजाला विटाळ नसतो, हे सेलूकडच्या शहाण्या लोकांना बरोबर ठाऊक होतं.

गाणं सुरू होण्याआधी माझं एक काम असायचं. दाराशी जाऊन आजारी लेकराचं नाव विचारून यायचं. गाण्याच्या शेवटच्या ओळीत ते नाव बसायचं. नाव कळल्याशिवाय मातेनं सोडायचं कोणाला, असा लोकांचा सरळ हिशेब. गाणं पुनाजीभाऊनंच केलेलं होतं:

ये माय, बस माय, लिंबाच्या सावलीले,
थंड पानी घे माय, अन् जाय आपल्या गावाले.
घागर ने, लुगडं ने, ने बांगडी हातातली,
येवढी माही जिजा मले ठेवजो घरातली.

जिजा ही त्याची पोरगी. ती असताना पुनाजीभाऊ लग्नात आणि पोळ्याला गायचा. गाणी स्वतःच जुळवायचा, आणि अशी जुळवायचा की नवरदेवाचा बाप पोट धरून हसायचा. मग जिजाला माता आली. तिचे पुढचे दात नुकतेच पडले होते, नवे यायचे होते. तिच्या उशाशी बसून त्यानं हे गाणं केलं. केलं म्हणण्यापेक्षा, ते त्याच्या तोंडातून निघत गेलं. मातेनं घागर नेली नाही, लुगडं नेलं नाही, जिजाच नेली.

पुढल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातल्या एका पोराला माता आली. त्याच्या आजीनं पुनाजीभाऊच्या दारावरून जाताना हे गाणं ऐकलं होतं. ती म्हणाली, त्याले आणा. मला तर रागच आला होता. ज्या गाण्यानं स्वतःची पोर वाचली नाही ते दुसऱ्याच्या अंगणात काय म्हणून गायचं? पण पुनाजीभाऊ गेला, जिजाच्या जागी त्या पोराचं नाव घातलं, आणि पोरगं उठून बसलं. झालं. त्यानंतर पुनाजीभाऊच्या पायाला भिंगरी लागली. हिंगणघाटपर्यंत आमचं नाव झालं. जी पोरं वाचली ती गाण्यानं वाचली आणि जी गेली ती नशिबानं गेली, असं लोक म्हणायचे. कलावंताला याहून सोपा न्याय मिळत नाही.

पण जिजाचं नाव गाण्यातून असं निघून गेलं. आता तिथं कधी गोविंदा, कधी मंजुळा, कधी कोणी. ती फक्त घरी उरली. निघायच्या आधी पुनाजीभाऊ दारात काडीकचऱ्याचा जाळ करून डफ तापवायचा आणि कातडं तंग झालं का ते पाहायला गाणं एकदा पुरतं म्हणायचा. त्या वेळी शेवटी जिजाच असायची. शकुवयनी, म्हणजे त्याची बायको, हातातलं काम थांबवून उंबऱ्यावर येऊन बसायची. जिजाचा फोटो नव्हता, कपडे सगळे पुरून टाकले होते. एरवी पुनाजीभाऊ तिचं नाव कधी काढत नव्हता. डफ तापवतानाच त्या घरात ती पोर असायची.

मग छप्पन साल आलं. आम्ही सगळे नागपूरला दीक्षेला गेलो, वयनीही होती. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी इथं लिहू शकणार नाही, लिहिलं तर कमीच पडेल. परत आलो ते ताठ मानेनं आलो. घराघरांतले शेंदराचे गोटे लोकांनी नदीत नेऊन सोडले. पुनाजीभाऊनं डफ खुंटीला टांगला आणि म्हणाला, ज्या मायनं आपल्याले कधी आंगनाच्या आत येऊ देल्लं नाई तिची विनवनी सरली. बोलावणी येत राहिली. तो प्रत्येकाला हात जोडून सांगायचा की दवाखान्यात न्या. लोक म्हणायचे, याला आता माता दाखवील.

मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वयनीचं. एका संध्याकाळी मी तिथंच बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "एक डाव म्हना. घरातल्या घरात. कोनी आयकत नाई."

पुनाजीभाऊनं खुंटीकडे पाहिलं. "शब्द देल्ला हाय ना आपन, शकू. तू बी देल्ला."

"मले माय नाई पाह्यजे," वयनी म्हणाली. "मले पोरीचं नाव पाह्यजे."

त्यानं प्रयत्न केला. गाण्यातून माय काढून टाकली. पण माय काढली की घागर कोणी न्यायची, लुगडं कोणी न्यायचं, आणि जिजाला ठेव म्हणून सांगायचं तरी कोणाला? ओळी पडून जायच्या. पाट्यासारखं सपाट काहीतरी उरायचं. त्यानं ते सोडून दिलं, आणि वयनीनंही पुन्हा मागितलं नाही. त्या घरात तेव्हा फार शांतता असायची. मला तिथं जाणं जिवावर यायचं.

त्या शांततेत एके दिवशी रूपरावची सायकल येऊन उभी राहिली. रूपराव सरकारी देवी टोचणारा. त्याला पाहिलं की बाया पोरांना तुरीच्या वावरात दडवायच्या. बिचाऱ्याचं निम्मं आयुष्य तुरीतून पोरं हुडकण्यात गेलं होतं. तो पुनाजीभाऊला म्हणाला, तुमचा डफ वाजला की लेकराच्या दुखण्याचं काम आहे, हे बायांना कळतं. तुम्ही माझ्यासंगं चाला, लोक पळणार नाहीत. पुनाजीभाऊ विचार करतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं दारात जाळ केला.

नवं गाणं होतं. चाल तीच, माय कुठंच नव्हती. सुईचं दुखणं घडीभराचं आहे, दंड पुढं कर, असं हसतखेळत सुरू व्हायचं आणि शेवटाला यायचं:

माहं आंगन सुनं झालं, तुमचं भरलं राहो,
माही जिजा गेली तशी कोनाची न जावो.

वयनी उंबऱ्यावर येऊन बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि पुन्हा म्हणा म्हणाली. त्यानं पुन्हा म्हटलं. त्या घरात पोर परत आली होती, आणि आता तिला कोणी गाण्यातून काढणार नव्हतं. दुसऱ्या कोणाचं नाव घालायची जागाच त्यात नव्हती. मला इतका आनंद झाला होता की मी झील धरायची विसरलो.

पहिला मुक्काम जवळच्याच गावात होता. वयनीही आमच्यासोबत आली, तिला नाव चारचौघांत ऐकायचं होतं. पारावर बाया पोरं घेऊन जमल्या. रूपरावनं सुई काढली. सुरुवातीच्या ओळींना पोरं हसली. शेवटची ओळ आली, जिजाचं नाव निघालं आणि बायांनी पोरांचे कान झाकले. बघता बघता पार रिकामा झाला.

चूक आमचीच होती. त्या चालीवर, त्या जागी जे नाव येतं ते मातेच्या अंथरुणावरल्या लेकराचं, ही रीत गावोगाव नेली कोणी? आम्हीच. आणि जिजा गेलेली आहे हे त्या भागातल्या सगळ्यांना माहीत. गेलेल्या पोरीचं नाव जित्या लेकरांच्या डोक्यावरून कोण फिरवू देणार? रूपरावनं भीतभीतच सांगितलं की तेवढं नाव काढता आलं तर बरं होईल.

पुनाजीभाऊनं डफ खाली ठेवला. "नाव राहीन, नाई तं मी राह्यत नाई."

समोर एक बाई आपल्या पोरीला ओढत घरी नेत होती. पोरगी मागं वळून डफाकडे पाहून हसत होती आणि तिचे पुढचे दात पडलेले होते. वयनी तिच्याकडे पाहत होती. पोरगी गल्लीत वळेपर्यंत ती पाहतच राहिली. मग उठून पुनाजीभाऊजवळ आली.

"नाव नका घेऊ," ती म्हणाली.

"शकू, तुह्यासाठीच..."

"मले मालूम हाय. नका घेऊ. तिले टोचू द्या पयले."

तेव्हापासून पुनाजीभाऊ ती ओळ नावाशिवाय म्हणू लागला. पण दुसरा शब्द त्यानं घातला नाही. मी सुचवलं होतं की "पोर" म्हणू, मात्रा बरोबर बसते. तो माझ्यावर असा खेकसला की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. तो "माही" म्हणायचा आणि थांबायचा. डफावर दोन थापा पडायच्या. मग "गेली तशी कोनाची न जावो". त्या दोन थापांत मी तुणतुण्याची तारही छेडायची नाही, असा मला हुकूम होता. लोकांना वाटायचं, बुवा म्हातारा झाला, शब्द विसरतो. काही जण हसायचे. लग्नातल्या बापांना पोट धरायला लावणारा हा माणूस, आणि आता त्याच्या थांबण्याला लोक हसत होते. तरी बाया येत होत्या, पोरं दंड पुढं करत होती. गाणं गावोगाव गेलं, आणि जिजा ते दोन ठोके होऊन बसली.

अल्लीपूरला गेलो तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. अल्लीपूर वयनीचं माहेर, म्हणून ती सोबत होती आणि बायांतच बसली होती. पुनाजीभाऊ शेवटावर आला. "माही" म्हणाला, थांबला, डफावर पहिली थाप पडली. तेवढ्यात बायांच्या मधून एक आवाज आला, बारीक, सुरात.

"रुखमा."

एक अनुसयाबाई नावाची बाई होती. तिची पोर दोन पावसाळ्यांमागं मातेत गेलेली. तिला वाटलं असावं की गेलेल्यांचं नाव घ्यायलाच ती जागा सोडलेली आहे. पुनाजीभाऊचा हात हवेतच राहिला. मला वाटलं, आता हा डफ फेकून देतो. पण त्यानं ओळ पुरी केली, कशीबशी, आणि सगळ्यांना पुन्हा ऐकायची होती म्हणून पुन्हा म्हटली. या वेळी त्या जागी दोन बायांनी दोन नावं घेतली. पोरांचे कान कोणी झाकले नाहीत.

वयनी उठून अनुसयाबाईच्या शेजारी जाऊन बसली.

परतताना वयनीच्या भावानं आम्हाला त्याच्या बैलगाडीतून हिंगणघाटच्या रस्त्यापर्यंत सोडलं. पुनाजीभाऊ डफ मांडीवर घेऊन बसला होता. पहिल्या गाण्यातून दुसऱ्यांच्या पोरांनी जिजाला बाहेर काढलं, आता या गाण्यातूनही निघाली, हेच त्याच्या मनात चाललं असणार, माझ्याही मनात तेच चाललं होतं. शेवटी तो म्हणाला, "आपल्या जिजाची जागा होती थे, शकू. तेवढीच होती."

वयनीनं त्याच्या मांडीवरचा डफ उचलून आपल्या मांडीवर घेतला, पदरानं त्यावरची धूळ पुसली.

"बसू द्या त्यायले," ती म्हणाली. "आपली पोर लहान हाय. सरकून बसन."