मासे पाळणारा कूलर

थांबा, ती बादली माझ्यावर पालथी घालू नका. मी अडगळ नाही. मी कूलर बोलतोय. आसगावात गवंडीकाम करणाऱ्या मंगरू मिस्त्रींच्या परसातला, लोखंडी, चौकोनी, एका बाजूने गंजलेला. माझ्या पोटात आत्ता चौदा चिलापी मासे आहेत आणि डोक्यावर सांभार आहे. तुमच्याकडे त्याला कोथिंबीर म्हणत असतील.

माझा जन्म पवनीच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. जस्त चढवलेला पत्रा कापून, वाकवून माझं अंग घडवलं, खाली पाण्याची टाकी केली, समोर पंखा बसवला, तीन बाजूंना गवताच्या ताट्या लावल्या. २००३ च्या उन्हाळ्यात मंगरू मिस्त्रींनी मला सिमेंटच्या पोत्यांवर बसवून ट्रॉलीतून घरी आणलं. त्यांची दोन वर्षांची लेक मनाली घामोळ्यांनी हैराण झाली होती. पहिल्या दुपारी ती माझ्यासमोर झोपली ती थेट चहाच्या वेळेला उठली. मिस्त्री गावभर सांगत फिरले.

माणसांची एक गंमत मी अठरा उन्हाळे पाहिली. घरात येणारा प्रत्येक जण सदरा वर करून माझ्याकडे पाठ करायचा. कूलर लाव, असं सगळेच म्हणायचे. त्यात पाणी टाक, असं कोणी म्हणायचं नाही. पाणी नेहमी मालनबाईच टाकायची. मनालीची आई. पाणी टाकून ती कामाला निघून जायची. माझ्यासमोर निवांत बसलेली मी तिला क्वचितच पाहिली.

मग माझी मोटर जळली. मला परसात ठेवलं. कोंबडीने माझ्यात अंडी घातली, कोणीतरी फुटकं सूप टाकलं. दोन वर्षं अशीच गेली.

२०२३ च्या जानेवारीत भंगारवाला टेकचंद आला. मालनबाईने त्याच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. मला मोडीत देऊन नवा प्लास्टिकचा कूलर घ्यायचा, कारण चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, घरी पाहुणे येणार होते. टेकचंदने मला एका बाजूने उचललंसुद्धा. तेवढ्यात मनाली आडवी आली. बी.एस्सी. होऊन ती घरी आली होती आणि तिला सगळं आजच्या आज करायचं असायचं.

"बाबा, याले विकू नका. याच्यात मासे पाळीन अन् वरती भाजी लावीन."

"अन् पाहुण्यांले वारा कोन देईन? तुये मासे?" मालनबाईने विचारलं.

बराच वेळ वाद झाला. शेवटी मनालीने शब्द दिला. चौदा एप्रिलच्या प्रत्येक ताटात माझ्यावर उगवलेला सांभार पडेल. नाही पडला, तर मला घेऊन जायचं. टेकचंद हसून म्हणाला, पंधरा तारखेला तराजू घेऊन येतो.

त्याच दिवशी तिने मला वाळूने घासलं, पंखा काढला, टाकीत नळाचं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांकडून माशांची वीस पिल्लं आणून सोडली. तिसऱ्या सकाळी वीसही पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

ते मरण माझ्यामुळे आलं होतं. माझ्या पत्र्यावरचं जस्त पाण्यात उतरतं. कूलरच्या वाऱ्याला त्याने काही होत नाही, पण माशांच्या कल्ल्यांना ते सोसत नाही. मनालीने हे नंतर वाचून काढलं आणि मला एक लाथ घातली. मला राग आला नाही. मालनबाईने ती पिल्लं पपईच्या बुडाशी पुरली.

संध्याकाळी मिस्त्री कामावरून आले, माझ्याजवळ उकिडवे बसले. नव्या सिमेंटला रोज पाणी पाजत ठेवतात, त्याला ते तराई म्हणतात.

"स्लॅब टाकला का दुसऱ्याच दिवशी सेंट्रिंग काढते काय, मनू? तराई करा लागते. पान्याले बी तराई लागत असन."

मनाली पुस्तकातून जे शिकली होती, पण घाईत सोडून दिलं होतं, तेच बापाने सांगितलं. मग तिने नीट सुरुवात केली. धानाच्या पुंजण्यावर, म्हणजे कापलेल्या धानाच्या ढिगावर, झाकायची ताडपत्री धुऊन माझ्या टाकीत अंथरली, म्हणजे पाणी पत्र्याला लागणार नाही. मिस्त्रींची दोन जुनी प्लास्टिकची घमेली माझ्या डोक्यावर बसवली, त्यांच्या बुडाला भोकं पाडली, वैनगंगेतले बारीक गोटे धुऊन भरले. माझा जुना पंप अजून चालत होता. तो टाकीतलं पाणी वर गोट्यांवर नेऊ लागला आणि ते झिरपून परत खाली पडू लागलं. भाताच्या बोडीतलं, म्हणजे शेततळ्यातलं, बादलीभर पाणी तिने त्यात ओतलं आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकलं. मासे मात्र सोडले नाहीत.

खाद्य कुजतं, पाण्याला घाण वास येतो. मग बोडीच्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या गोट्यांवर वस्तीला येतात. ते घाणीचं खत करतात. ते खत झाडं खातात आणि पाणी स्वच्छ होऊन माशांकडे परत येतं. एवढंच आहे सगळं. पण त्याला महिना लागतो. तो महिना मनालीने दात-ओठ खात काढला. मिस्त्री रोज कामावरून आले की आधी माझ्या पाण्याचा वास घ्यायचे. एके दिवशी म्हणाले, आता ओल्या मातीसारखा येऊन राहिला. मार्च लागता लागता पंधरा मासे आले. गोट्यांत धणे पडले.

जयंतीला पाच दिवस उरले होते. सांभार वीतभर झाला होता. मनाली कसल्याशा फॉर्मसाठी भंडाऱ्याला गेली होती आणि भर दुपारी वीज गेली. पंप थांबला. पाणी तापलं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. वर सांभाराने माना टाकल्या. एक मासा माझ्यादेखत उलटला. मला वाटलं, संपलं. टेकचंदचा तराजू मला दिसू लागला.

मालनबाई वाळलेले कपडे काढायला आली. तिने आत डोकावून पाहिलं. तिने फक्त परत फिरायचा अवकाश होता. नवा कूलर आपोआप आला असता. ती परत फिरलीही. आणि दोन पोती भिजवून घेऊन आली. एक माझ्या अंगाभोवती गुंडाळलं, दुसऱ्याची घमेल्यांवर सावली केली. मग लोट्याने टाकीतलं पाणी उंचावरून गोट्यांवर ओतत राहिली, म्हणजे खाली पडताना त्यात हवा मिसळेल. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पंप काय करतो ते ती दोन महिने येता-जाता बघत होती. दोन तास ती ओतत होती. वीज आली तेव्हा पदराने तोंड पुसत माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाली,

"अठरा उन्हाळे तुनं आमाले थंडाई देल्ली. घे आता."

मी आयुष्यभर दुसऱ्यांना गार केलं. मला कोणी गार केलं, ते पहिल्यांदाच.

चौदा मासे वाचले. चौदा एप्रिलला पाहुणे मांडवात टेबलफॅनसमोर बसले आणि प्रत्येक ताटात वरणावर हिरवा सांभार पडला. उन्हाळ्यात बाजारात मिळतो तसा मलूल नव्हता. जेवण झाल्यावर सगळे परसात येऊन माझ्यात डोकावून गेले.

पंधरा तारखेला टेकचंद आला. मालनबाईच दारात गेली.

"तराजू कायले आनला? हे घे, सांभार ने घरी." तिने त्याच्या हातात एक जुडी दिली.

आता घराच्या खिडकीत नवा कूलर आहे, मला न मोडता घेतलेला. त्याच्यासमोर सगळे पाठ करून बसतात. मला हेवा वाटत नाही. वाटलाच तर थोडा, मे महिन्यात. दुपार चढली की मालनबाई माझं पोतं भिजवते आणि घडीभर माझ्याजवळ टेकते.

तुमच्या घरामागे माझा एखादा भाऊ गंजत पडला असेल. त्याला आज उचला, आज घासा, आज ताडपत्री अंथरा. कोणी हसलं तर हसू द्या. हसणारे थांबायची वाट बघत बसलात तर गंज तेवढा वाढेल. फक्त मासे आज सोडू नका. पाण्याची तराई होऊ द्या.