नाकाने सोललेला कांदा

"काका, खिडकी उघडू का?" हृषिकेशने विचारलं.

"उघडलीस तर इथेच उतरवून ठेवीन," मी म्हणालो.

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, दुपारी तीन वाजता, सेहेचाळीस डिग्रीत आम्ही दोघं बंद गाडीत बसलो होतो आणि गाडी घाण मारत होती. साधीसुधी घाण नाही. गंधकाची, कुजकट, जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारी. हृषिकेशने नाकाला रुमाल लावला, आणि मी फॉर्मवर ग्रेड लिहिला, पाच.

हा माझा धंदा आहे. फ्रँकफर्टजवळच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं गाड्यांचे वास घेतोय. सीट, गालिचे, डॅशबोर्ड तापवायचे, हुंगायचे आणि ग्रेड द्यायचा. एक म्हणजे काहीच वास नाही, सहा म्हणजे असह्य. जर्मन शाळेतल्या मार्कांसारखंच, एक सगळ्यात चांगला. दर उन्हाळ्यात नवी गाडी वाळवंटात नेऊन उन्हात उभी करतात. यंदा फिनिक्स ते लास व्हेगस, तीन दिवस. सोबतीला हृषिकेश, गाडीच्या एसीचं काम बघणारा पुण्याचा तिशीतला पोरगा.

नाक हेच भांडवल, म्हणून नियम कडक. टेस्टच्या आदल्या दिवशी कांदा-लसूण नाही, हिंग नाही, अत्तर नाही, घरात उदबत्तीसुद्धा नाही. आणि टेस्ट आठवड्यातून तीनदा, म्हणजे हे सगळं कधीच नाही. एश्बॉर्नच्या आमच्या फ्लॅटमध्ये बावीस वर्षं फोडणी बाल्कनीत होते. माझी बायको मीनल विजेची शेगडी बाहेर मांडते, डिसेंबरातही कोट घालून कांदा परतते आणि तिथेच उभ्याने खाऊन घेते. "नाकाने कांदे सोलणारे पुष्कळ पाहिले, पण त्याचा पगार घेणारे तुम्हीच," असं ती म्हणते. सुरुवातीला हसून म्हणायची.

खरं सांगायचं तर मला बहुतेक सगळ्याचीच किळस येते. तिथल्या लोकलमध्ये, एस-बानमध्ये, ओल्या कोटांची, लिफ्टमध्ये कुणाच्या आफ्टरशेव्हची. अमेरिकेत तर कहरच. मोटेलच्या खोलीत खोटा व्हॅनिला, त्याखाली जुनी सिगारेट, त्याखाली कुणाचे तरी पाय. पेट्रोल पंपावर सकाळपासून तापत पडलेलं चीज. हृषिकेश ते बोटं चाटून खायचा आणि मी तोंड फिरवून बसायचो. वाळवंटाला मात्र वास नव्हता. सकाळी मोटेलबाहेर उभं राहून मी खोल श्वास घेतला, तर काही म्हणजे काही आलं नाही. एखाद्या जागेला मनातल्या मनात मी पहिल्यांदाच एक दिला.

गाडी पहिल्या दिवशी तीन होती, दुसऱ्या दिवशी पाच. मी मोटेलवरून जर्मनीला मेल टाकली, वास मागच्या सीटकडून, म्हणजे सीटचा फोम नापास. तो फोम एका खेड्यातल्या छोट्या कारखान्याचा होता. चाळीस माणसं आणि आमच्याखेरीज दुसरं मोठं गिऱ्हाईक नाही. तिथल्या मालकीणबाईंनी मला एकदा स्वतः कारखाना फिरवून दाखवला होता. सकाळी आमच्या साहेबांचं, फोग्टचं उत्तर आलं, 'तुझं नाक म्हणतंय म्हणजे विषय संपला. सोमवारी त्यांचं काम बंद करतो.' कारखान्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला उलट बरं वाटलं, नाकाचा मान राहिला म्हणून.

तिसऱ्या दिवशी गाडीत बसवेना. पंपावर थांबलो तेव्हा हृषिकेश मागच्या सीटखाली हात घालून काहीतरी ओढत होता. माझं पातळ जाकीट निघालं. पहिल्या दिवशी विमानतळावर मागे फेकलेलं आणि विसरलेलं. टेस्टआधी गाडीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढायची, हा नियम मीच लिहिलेला.

"काका, खिशात काहीतरी पचपचतंय."

कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळलेला कांदा. उन्हाने शिजलेला, काळपट, पाणी सुटलेला. मीनलचं माहेर जळगावचं. तिथे उन्हात निघालेल्या माणसाच्या खिशात कांदा घालतात, ऊन लागू नये म्हणून. मी वाळवंटात चाललो म्हटल्यावर तिने तो गुपचूप घातला होता. अमेरिकेच्या विमानतळावरच्या कुत्र्यालाही सापडला नव्हता.

हृषिकेश हसला नाही. हसला असता तर सोपं गेलं असतं.

"मला कालच वाटलं होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही गंधक म्हणालात. तुम्ही एवढे एक्सपर्ट, मी काय बोलणार?"

"तू कांदा ओळखलास?"

"कुणीही ओळखेल हो काका. आपल्या घरातलाच वास आहे."

मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "फेकून देऊ या ना. आपण दोघंच तर आहोत. उगाच तुमचं नाव खराब नको."

"आणि फोम?"

त्याने पंपावरच्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं. लाज वाटते सांगायला, पण चांगली पाच मिनिटं मी त्या डब्याकडे बघत होतो. कांदा हातात होता आणि त्याचं पाणी मनगटावरून ओघळत होतं. इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नव्हती, आणि ती कांद्याची नव्हती.

गाडी पुसून, दारं उघडी टाकून आम्ही ती मोकळी केली, पुन्हा बंद करून उन्हात तापवली. मी आत बसलो. तीन. फोम पास. फोग्टना लिहिलं, 'पाच ग्रेड माझ्या खिशातल्या कांद्याचा. मला तो ओळखता आला नाही, तेव्हा माझं नाव वास घेणाऱ्यांच्या पॅनेलवरून काढा.' त्यांनी दोन दिवस घेतले आणि काढलं. आता मी नमुन्यांच्या बाटल्यांवर लेबलं लावतो.

घरी पोचलो तेव्हा मीनल बाल्कनीत शेगडीपाशी कांदा चिरत होती. मी वायर काढली, शेगडी उचलली आणि आत ओट्यावर आणून ठेवली.

"अहो, उद्या टेस्ट आहे ना?"

"नाही. परवाही नाही."

ती सुरी हातात धरून बघत राहिली. "ऊन लागलं का हो तुम्हाला? जाकिटात कांदा घातला होता मी. सांगितलं असतं तर काढून ठेवला असतात."

"नाही लागलं," मी म्हणालो. "कांदा होता ना."

तिने झुणका केला. सवयीने खिडकी उघडायला गेली, तर मी नको म्हटलं. घरभर वास झाला, पडद्यांत, उशांत, माझ्या शर्टात. बावीस वर्षांनी ती कांद्याचं ताट घेऊन टेबलाशी माझ्यासमोर बसली.

मला वाटलं होतं, आता तो वास आवडेल. नाही आवडला. पहिल्या घासालाच घशाशी आलं. मी पाणी प्यायलो, दुसरा घास घेतला, तिसरा घेतला.

"कसा झालाय?" तिने विचारलं. ती स्वतः खायची थांबली होती.

"एक नंबर," मी म्हणालो आणि ताट पुढे केलं.