आधी पॅच घ्यायचा

साहेबरावांना बुद्धसुद्धा नवाकोरा हवा होता. चाकणला कंपन्यांना शेड भाड्यानं दिल्यापासून त्यांना सगळंच चकचकीत लागायचं. गावामागच्या डोंगरातल्या लेण्यात बसलेला बुद्ध, त्याच्यावर शतकांची काजळी आणि कुणा हौशानं फासलेला चंदेरी ऑइलपेंट. बुद्धपौर्णिमेला पाहुणे येणार, त्याआधी हे सगळं निघायला हवं. मग काय, भोसरीहून सँडब्लास्टिंगचं मशीन मागवलं. लोखंडाचा गंज वाळूच्या माऱ्यानं सोलायचं मशीन, ते बुद्धाच्या तोंडावर! अक्कल गहाण टाकावी तर किती! सुशोभीकरणाची संगमरवरी पाटी मात्र आठवड्यापूर्वीच लेण्याच्या तोंडाशी बसली होती, साहेबरावांच्या नावासकट.

मशीनबरोबर ज्योतीराम आला. नवाबभाईंच्या वर्कशॉपात बावीस वर्षं नोझल धरलेला माणूस. कॉम्प्रेसर पायथ्याला ठेवून त्यानं पाइप वर आणला आणि टॉर्च मूर्तीवर आडवी धरली. कुठलाही जॉब आधी आडव्या उजेडात बघायचा, ही त्याची सवय.

बघितलं आणि तो आणखी जवळ सरकला. रंगाचे पोपडे उडाले होते तिथं काळा पाषाण, त्यावर छन्नीचे तिरके घाव, सगळे एका अंतरानं. अंगावरचं चीवर इतकं पातळ कोरलेलं, की त्याखालचा खांदा कळत होता. दुसरा खांदा उघडा. चेहऱ्यावर मात्र एकही घाव नव्हता. तो घासून घासून मऊ केलेला. त्यावर चुन्याचा थर, कांद्याच्या पापुद्र्याएवढा, आणि कानामागे तांबडा रंग अजून शिल्लक. कोरणाऱ्यानं मूर्ती रंगवलीही होती तर! वाळूपुढे यातलं काहीच चार सेकंद टिकलं नसतं.

ज्योतीरामनं आधी गोडीगुलाबीनं सांगून पाहिलं. जाणकार माणूस बोलवा, रंग हातानं सावकाश निघेल, म्हणाला. साहेबराव हसले. दगडाला काय धाड भरलीय, म्हणाले. तुला जमत नसेल तर नवाबभाई दुसरा माणूस पाठवतील. आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

ज्योतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं हे कोरलं, त्याच्या हाताला काही किंमतच नाही का? आपण नाही म्हटलं तर उद्या दुसरा येईल, आणि हा चेहरा जाईल तो जाईलच. त्यानं राग गिळला.

"ठीक आहे, अण्णा," तो म्हणाला. "पण आमच्या धंद्याचा नियम आहे. आधी छोटा पॅच मारून गिऱ्हाइकाला दाखवायचा. पसंत पडला तरच पुढं."

"घे की. कुठंबी घे," साहेबराव म्हणाले. फोन कानाला होताच.

ज्योतीरामनं डोक्यावर टोप चढवला, साहेबरावांना दहा पावलं मागं सरकवलं आणि नोझल वळवलं ते थेट पाटीवर. चार सेकंद, जास्त नाही. धूळ बसली तेव्हा पाटी कोरी होती. सुशोभीकरण गेलं, साहेबराव गेले, सालही गेलं.

 साहेबराव पुढं येऊन त्या खडबडीत संगमरवरावर बोट फिरवत राहिले, आपलं नाव कुठं होतं ते शोधत.

"तुमचं नाव आठवड्याचं होतं, अण्णा. ते पुन्हा कोरून मिळंल," टोप काढत ज्योतीराम म्हणाला. "आतल्याचा चेहरा कोण कोरून देणार?"

फोनवर नवाबभाई हॅलो हॅलो करत होते. साहेबरावांनी फोन कट केला. लेण्यात वाकून पाहिलं, मग पुन्हा पाटीकडं.

"पॅच पसंत आहे का?" ज्योतीरामनं नियमाप्रमाणं विचारलं.

"पाइप खाली ने," साहेबराव म्हणाले.