गालिच्यावरची वाट

टाचणी बोटात घुसली तेव्हा नोरीन पर्सच्या तळाशी नावेची तिकिटं चाचपत होती — बोट बाहेर आलं ते कामावरचा पितळी बिल्ला घेऊनच. नोरीन, आणि खाली बारीक अक्षरांत एल्को, नेवाडा. कॅसिनोत काम करणाऱ्याच्या छातीवर नावाखाली गावही लागतं, म्हणजे गिऱ्हाइकाला बोलायला काहीतरी मिळतं. एल्को? तिकडे काय असतं? — सोन्याच्या खाणी असतात राजा, पण माझा बाप हॉटेलात भांडी घासायचा... एकोणीस वर्षं हेच उत्तर आणि त्यावर तोच हशा, आणि हशा संपायच्या आत ट्रेवरचा ग्लास समोर ठेवायचा.

"रक्त आलंय," शेल्बी म्हणाली. तेरा वर्षांची झाली होती. तळ्यातल्या फ्लेमिंगोंकडे पाठ करून कठड्याला टेकली होती.

"काही नाही गं राणी. तो बघ, एका पायावर!"

"सगळेच एका पायावर आहेत, आई."

बुधवारी कोर्टाची बाई शेल्बीशी एकटीशी बोलणार होती. आईजवळ राहायचं, इथे लास व्हेगासमध्ये, की बापाकडे बॉइसीला — जिथे डगचं अंगणवालं घर होतं, आणि त्या घरात संध्याकाळी सहाला जेवणं वाढणारी त्याची नवी बायको होती. मुलीच्या शब्दाला वजन असतं, वकील म्हणाला होता. उन्हाळा डगकडे काढून शेल्बी परवाच परत आली होती. हातात एकच रविवार होता. म्हणून ही यादी, ऑर्डर लिहायच्या कागदाच्या पाठीवर:

११ — फ्लेमिंगो
१२ — चॉकलेटचा धबधबा
१ — शार्कचा बोगदा
३ — नाव
५ — मोठा पाळणा

यातलं काहीच तिने स्वतः पाहिलेलं नव्हतं. हे सगळं ती ज्या इमारतींत कामाला जाते त्यांच्याच पोटात होतं, पण ती मागच्या दाराने आत शिरायची आणि मागच्या दारानेच बाहेर पडायची. मुलांना दाखवण्यासारखं शहर. आहे की. का नसावं? इथेही शाळा आहेत, वाचनालयं आहेत, दात काढणारे डॉक्टर आहेत... हे ती कुणाला सांगत होती? शेल्बीला नव्हे. त्या बाईला, जिचा चेहराही तिने पाहिला नव्हता.

तळ्याकडून रस्त्यावर यायचं तर कॅसिनोतून जावं लागतं. इथे काहीही बघायचं तरी कॅसिनोतूनच जावं लागतं. दोन्ही बाजूंना जुगाराची मशिनं, मधून वेगळ्या रंगाच्या गालिच्याची वळणं घेत गेलेली वाट. नोरीनचे पाय आपोआप भराभर पडायला लागले. तीन मशिनं पुढे रोजचं गिऱ्हाईक, म्हातारा बड बसलेला, नाकात प्राणवायूची नळी, मांडीवर बटाटा चिप्सची पिशवी.

"ए एल्को! आज अंगभर कपडे? ओळखलंच नाही!"

"थंडी वाजत होती राजा!" — तोंडच बोललं. ऑगस्ट महिना. तिने मागे पाहिलं तर शेल्बी वाटेच्या कडेला वाकून बुटाची नाडी बांधत होती, आणि पहारेकरी तिच्याकडे निघालेला.

"बाळ, ऊठ. एकवीस वर्षांच्या आतल्यांनी इथून चालायचं. थांबायचं नाही."

"नाडी बांधतेय."

"बाहेर जाऊन बांध."

"ओर्लांडो, माझी मुलगी आहे ती."

"म्हणून तर गोडीत सांगतोय ना, नोरीन. वरून कॅमेऱ्यातून बघतायत. चल चल, पोरी."

शेल्बी उठली. नाडी तशीच लोंबत ठेवून चालायला लागली, पाठ ताठ, वळणावर न बघता वळली — आणि ते वळण, ते न बघता वळणं...

शेल्बी तेव्हा पाच वर्षांची होती. सांभाळणारी मुलगी आलीच नाही, तिला कॅसिनोच्या दारात सोडून शेजारीण निघून गेली, आणि माझी कामाची पाळी संपायला चाळीस मिनिटं उरलेली. घरी नेता येत नव्हतं. एका जागी उभं करता येत नव्हतं. मग मला सुचलं — केवढी हुशारी वाटली होती तेव्हा स्वतःची! — मी म्हटलं, खेळ खेळूया. या गालिच्यावरून गोल गोल चालायचं, जो थांबेल तो हरला. पहारेकरी ओळखीचे होते, त्यांनी डोळे मिचकावले. मी ट्रे घेऊन फिरत होते आणि मशिनांच्या फटींतून तिचं गुलाबी जाकीट जाताना दिसत होतं. पहिल्या फेरीला मी ट्रे जरा उंच केला, सलामीसारखा. ती हसली. दुसरीला हसली. चौथीलाही. सहावीला तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पुढे बघत चालत राहिली, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी. आणि मी? मी कुणाला तरी विचारत होते, बर्फ जास्त की कमी?

डगने कोर्टात केलेल्या अर्जात ते सगळं होतं. परिच्छेद चौथा. अल्पवयीन मुलीस जुगाराच्या जागेत चाळीस मिनिटे एकटी चालावयास लावले. नोरीनचा आठ वर्षांतल्या सगळ्या पहारेकऱ्यांवर संशय घेऊन झाला होता, मग शेजारणीवर.

१२ — खोडलं. धबधबा काचेमागे होता आणि चाटता येत नव्हता.

१ — रांग. शेल्बी म्हणाली, मासे नकोत, बसूया कुठेतरी. दोघी पिझ्झाच्या दुकानात बसल्या.

"अजून काय आणू राणी? गोड काही? सांग तर खरं, तुझ्यासाठी काय वाट्टेल ते —"

"आई."

"काय?"

"तू सकाळपासून माझ्याशी त्या आवाजात बोलतेयस. त्या म्हाताऱ्याशी बोललीस ना, तसं."

नोरीनने हातातल्या कागदी रुमालाची घडी घातली. परत उघडली. आपला दुसरा आवाज कुठला, हे तिला पटकन आठवेना. घसा खाकरून तिने तो शोधला आणि निघाला तो जरुरीपेक्षा कोरडा.

"वडिलांना ते चालायच्या खेळाचं कुणी सांगितलं, माहितीये तुला?"

"मीच." शेल्बीने पिझ्झ्यावरचा मिरचीचा तुकडा उचलून बाजूला ठेवला. "मी बढाई मारली होती. मी एकदाही थांबले नाही ना. मला वाटलं, बाबा शाबास म्हणतील."

"मग?"

"ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. मला कळलंच नाही माझं काय चुकलं."

३ — नाव. खोट्या आकाशाखालचा खोटा कालवा, वर कायमची संध्याकाळ रंगवलेली, दोन्ही काठांना चपलांची आणि घड्याळांची दुकानं. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला नावाडी मागे उभा राहून इटालियन गात होता. पुलाखाली त्याने गाणं थांबवून विचारलं, "मायलेकी का बहिणी?" — आणि नोरीनच्या तोंडात उत्तर तयारच होतं, पण या वेळी तिने ते गिळलं.

"मी सांगून टाकलंय," शेल्बी म्हणाली. पाण्याकडे बघत.

"काय?"

"कोर्टाच्या त्या बाईला. मीच फोन केला होता. गुरुवारी, बाबा बाहेर गेले होते तेव्हा. बुधवारपर्यंत पोटात दुखत राहिलं असतं. ती म्हणाली, तुला नको असेल तर दोघांनाही सांगू नकोस. बाबांनाही माहीत नाही."

गुरुवार. म्हणजे फ्लेमिंगोंच्या आधी. यादीच्या, तिकिटांच्या, तिच्यासाठी घेतलेल्या नव्या उशीच्या आधी. हा सगळा दिवस निकाल लागून गेल्यावर चाललाय, आणि या पोरीने तो गप्प बसून पाहिला — कशासाठी, दया म्हणून? — विचारावं. एकच प्रश्न. कुणाकडे? चार-पाच वल्ह्यांत उत्तर मिळेल... नोरीनने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिचे खांदे खाली आलेत. सकाळपासून कानांपाशी चढवून धरलेले खांदे, पाळी संपल्यावर ट्रे ठेवतानाच असे उतरतात. आता काही दाखवायचं उरलं नव्हतं, कुणाला जिंकायचं उरलं नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. उत्तर कुठलंही असो, त्याआधीच, उत्तराची वाटही न पाहता, सुटल्यासारखं... मग इतके दिवस हवं होतं ते काय? ही मुलगी, की हिच्या तोंडून एकदा निघालेलं माझं नाव?

नावाडी पुन्हा गायला लागला. शेल्बी तिच्याकडे वळली, अगदी जवळून, डोळे बारीक करून. नोरीनने चटकन तोंड फिरवलं आणि काठावरच्या चपलांकडे लक्षपूर्वक पाहायला लागली. ते सुटलेपण तिच्या चेहऱ्यावर अजून तसंच असणार होतं, आणि पोरीला ते दिसलं की नाही, हे वळून पाहायचं धाडस तिला होईना.