मातीचं कडं

बेटावरून आलेली मातीची पिशवी सुचितानं दुपारी उघडली, आणि तिथूनच तिच्या जिवाला घोर लागला.

बेलापूरच्या ऑफिसात ती अंदमानातल्या एका बेटाच्या मातीचा नकाशा करत होती. कुठली माती किती पाणी जिरवते ते तिनं भरायचं, मग पूर कुठे आणि किती वेळात येईल ते संगणक सांगणार. नमुने पाठवायचा तिचा धाकटा भाऊ रूपेश. तिथं सर्व्हेला गेला होता. त्यातले आठ नमुने वेळेत आले नाहीत आणि साहेब तारीख पुढे ढकलेनात. मग सुचिताबाईंनी काय केलं, शेजारच्या जागांची, पाणी जिरवणारी रेताड माती त्या आठ कोऱ्या जागांत भरून नकाशा पाठवून दिला. सगळेच भरतात म्हणे! वेळ मारून नेली, दुसरं काय.

आजची पिशवी त्या आठांतली पहिली. नाल्याकाठच्या सपाटीची. आणि रूपेशच्या चौदा जणांच्या तुकडीनं गेल्याच आठवड्यात तिथं तंबू ठोकले होते, नकाशात पाणी जिरणारी जागा बघून.

तिनं मूठभर माती भिजवून तळहातावर तिची लांब वळी वळली. तिचे बाबा, हिरामण, जन्मभर मिठागरात राबलेले. त्यांनी लहानपणीच शिकवलं होतं: वळीचं बोटाभोवती कडं झालं आणि तडा गेला नाही, तर ती चिकण; पाण्याचा थेंब खाली सोडणार नाही.

कडं झालं. एकही तडा नाही.

माखल्या हातानंच तिनं फोन लावला.

"बोल ताई. इकडं सकालपासून धो धो चाललाय."

"तंबू सोडा! सगल्यांना घेऊन टेकडीवर जा, आत्ताच्या आत्ता."

"अगं, तुझ्याच नकाशात पानी जिरतं असं हाय ना?"

"खोटा हाय तो! मी अंदाजानं भरलाय. निघ, रूपेश!"

फोन तुटला. पुन्हा लागेना. तिनं त्या एका जागेची माती बदलून गणित चालवलं. उत्तर आलं: चाळीस मिनिटांत पूर. आधीच्या गणितात तिथं पाणी येतच नव्हतं. आईला काय सांगू, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

दीड तासानं फोन वाजला.

"ताई, आमी चौदाही जन टेकडीवर हाव. तंबू गेले, सगलं गेलं."

सुचिताचा जीव भांड्यात पडला. भर ऑफिसात ती हुंदके देऊन रडली. डोळे पुसून तिनं पडद्याकडे पाहिलं. एक जागा दुरुस्त झाली होती. उरलेल्या सात तशाच रेताड होत्या. त्यांतल्या तीन जागी गावं होती, आणि तिच्याच नकाशावरून त्या गावांना कळवलं होतं, घाबरू नका.

"रूपेश," तिनं विचारलं, "पाऊस थांबला का रे?"

"थांबतोय कसला! आता तर कुठं जोर धरलाय."